लहानपणीचा नाताळपट पुन्हा कसा पाहावा

माझ्या आठवणीतल्या बर्फाच्या माणसाचे नाक बटाट्याचे होते. गिरगावात खोताच्या वाडीला लागून असलेल्या आमच्या चाळीतल्या सहा-सात मुलांनी १९८७ च्या नाताळात वाडीतल्या आंटींच्या घरी जमिनीवर मांडी घालून तो पाहिला, आणि त्यानंतरची पंचवीसेक वर्षे त्या बटाट्याविषयी आमच्यापैकी कोणालाही शंका आली नाही. पुढे मी तो अ‍ॅनिमेशनपट डिस्कवर मिळवून पाहिला, तेव्हा त्या गोल चेहऱ्याच्या मधोमध बसवलेले नाक लख्ख केशरी निघाले. ते संत्रे होते. आंटींच्या घरचा टीव्ही लाकडी शटरचा आणि कृष्णधवल होता. त्यांच्या धाकट्या भावाने आखातातून आणलेल्या कॅसेटमध्ये रंगाचा संकेत पहिल्यापासून होता, परंतु तो संच त्यातला केवळ उजेड आणि अंधार वाचत होता. पडद्यावर करड्या रंगाचा एक गोळा दिसला आणि आम्ही आपल्या घरच्या टोपलीतली जवळची वस्तू त्याच्या जागी बसवली.

तो पट म्हणजे ‘द स्नोमॅन’. रेमंड ब्रिग्ज यांच्या १९७८ च्या शब्दविरहित चित्रकथेवरून डायॲन जॅक्सन यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेला हा २६ मिनिटांचा पट ब्रिटनमधील चॅनेल फोर या वाहिनीवर २६ डिसेंबर १९८२ रोजी प्रथम दाखवला गेला. भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले तेही १९८२ मध्येच. मात्र रंगीत संच प्रत्येक चाळीत आणि वाडीत पोहोचायला त्यानंतर बरीच वर्षे जावी लागली, आणि आमचा बर्फाचा माणूस त्या मधल्या वर्षांत सापडला.

लहानपणी आवडलेला नाताळपट पुन्हा पाहायचा म्हणजे नाव टाइप करायचे आणि बटण दाबायचे, असे वाटणे स्वाभाविक आहे. मीही प्रथम तसेच केले होते, आणि पट संपल्यावर काहीतरी चोरीला गेल्यासारखे वाटत राहिले. त्याचे कारण मला उशिरा कळले. आपण शोधत असतो तो पट आणि तो ज्या खोलीत पाहिला ती खोली, या दोन्ही गोष्टी आठवणीत एकमेकींत मुरलेल्या असतात. पट दुकानात किंवा एखाद्या सेवेवर मिळू शकतो, खोली मिळत नाही. त्यामुळे दोहोंना आधी वेगळे करावे लागते आणि दोहोंकडे वेगवेगळ्या वाटांनी जावे लागते. गेल्या काही वर्षांत मी स्वतःसाठी आणि नंतर चाळीतल्या जुन्या सोबत्यांसाठी जी पद्धत बसवली, ती येथे सविस्तर मांडत आहे.

शोधण्यापूर्वी लिहून काढावे

पहिले काम कागद-पेन घेऊन बसण्याचे आहे, आणि ते इंटरनेट उघडण्यापूर्वीच झाले पाहिजे. एकदा पटाचे चित्र डोळ्यांसमोर आले की जुनी आठवण त्याच्याखाली दबते आणि मग ती मूळ रूपात परत मिळत नाही. म्हणून काहीही न शोधता, जे आठवते ते सगळे लिहावे: कोणते प्रसंग, कोणते रंग, कोणते आवाज, कोण कोणाशी काय बोलले, शेवटी काय झाले. प्रसंगांचा क्रम लागत नसेल तर लावू नये. ‘बहुतेक’ आणि ‘नक्की’ हे दोन शब्द मात्र प्रत्येक ओळीपुढे लिहावेत, कारण नंतर ताडून पाहताना ‘नक्की’ म्हणून लिहिलेल्या ओळीच सर्वांत बोलक्या ठरतात. माझा बटाटा ‘नक्की’मध्ये होता.

त्याच कागदाच्या उजव्या बाजूला खोलीचा रकाना करावा. पट कोणाच्या घरी पाहिला, दिवसा की रात्री, शेजारी कोण बसले होते, खायला काय होते, मध्येच वीज गेली होती का, कोण रागावले, कोण झोपले, हे सर्व तेथे यावे. माझ्या उजव्या रकान्यात कलकल, म्हणजे नाताळातला तळलेला गोड फराळ, होता. आंटी मैद्याच्या आणि नारळाच्या दुधाच्या पिठाचे छोटे गोळे नव्या कंगव्याच्या पाठीवर दाबून गुंडाळत, त्यामुळे प्रत्येक कलकलवर बारीक समांतर रेषा उठत, आणि तळून साखरेच्या पाकात घोळल्यावर त्या रेषांमध्ये साखर पांढरी होऊन बसे. त्या रेषांवरून जीभ फिरवत आम्ही पट पाहिला होता. त्यामुळे पडद्यावरचा बर्फ माझ्या डोक्यात कायमचा गोड झाला आहे, आणि हे ‘द स्नोमॅन’मध्ये कोठेही नाही.

दोन्ही रकाने भरून झाल्यावर त्यांच्यात एखादी गोष्ट चुकीच्या बाजूला गेली आहे का, ते पाहावे. माझ्या डाव्या रकान्यात, म्हणजे पटाच्या रकान्यात, बर्फाच्या माणसाची वाक्ये होती. तो मुलाला ‘ये, भिऊ नको’ म्हणतो, उडण्यापूर्वी ‘हात घट्ट धर’ म्हणतो, असे मी ‘नक्की’ म्हणून लिहिले होते. प्रत्यक्षात त्या पटात सुरुवातीचे निवेदन आणि मधले एक गाणे सोडले तर एकही शब्द उच्चारला जात नाही. ती वाक्ये आंटींची होती. पट मुका आहे आणि मुले कंटाळतील, या समजुतीने त्या खाटेवर बसून संपूर्ण वेळ गोष्ट सांगत राहिल्या होत्या, तीही आपल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळ ख्रिस्ती समाजाच्या, मराठीत, जीत ‘ळ’च्या जागी ‘ल’ येई. म्हणून आमच्या लेखी बर्फाचा माणूस वितळला नाही, ‘वितलला’. पहिल्यांदा डिस्क पाहताना जी उणीव जाणवली होती, ती या आवाजाची होती. हे समजायला मला तो कागद लागला.

आपला पट नेमका कोणता

अनेकांना नाव आठवत नाही, आणि मुंबईत वाढलेल्या माणसाच्या बाबतीत ते साहजिक आहे, कारण हे पट आपल्यापर्यंत भाड्याच्या कॅसेटवरून, दुबईहून आलेल्या पाहुण्याच्या बॅगेतून किंवा दूरचित्रवाणीच्या एखाद्या रविवारच्या सकाळी बहुधा नावाशिवायच पोहोचले. अशा वेळी कागदावरच्या डाव्या रकान्यातून पात्रांची जात, चित्रांची पद्धत आणि आवाजाची भाषा या तीन खुणा काढाव्यात. बहुतेक वेळा त्या पुरतात.

पात्रे चित्रे नसून हलणाऱ्या बाहुल्या असतील आणि त्यांत लाल नाकाचे रेनडिअर असेल, तर तो रँकिन-बास कंपनीचा ‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’ असण्याची शक्यता मोठी आहे. तो ६ डिसेंबर १९६४ रोजी अमेरिकेत प्रथम दाखवला गेला, आणि त्याचे बाहुल्या हलवून केलेले अ‍ॅनिमेशन जपानमध्ये तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत झाले होते. मुले चित्रातली, डोकी मोठी, एक रोडके झाड आणि पार्श्वभूमीला पियानोवरचा जॅझ असेल, तर तो ९ डिसेंबर १९६५ चा ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’. त्यातले आवाज खऱ्या मुलांचे आहेत आणि संगीत व्हिन्स ग्वारल्डी यांचे आहे. हिरवा, लबाड, डोंगरावर राहणारा प्राणी आठवत असेल, तर तो चक जोन्स यांनी दिग्दर्शित केलेला १९६६ चा ‘हाउ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ होय.

कंजूष बदक आठवत असेल, तर तो डिस्नेचा १९८३ चा ‘मिकीज ख्रिसमस कॅरोल’ समजावा. येथे आपल्याकडच्या प्रेक्षकाची एक गल्लत हमखास होते. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी हिंदीत लागणाऱ्या ‘डक टेल्स’ मधला स्क्रूज मॅकडक आणि या पटातला स्क्रूज एकच पात्र आहे, इंग्रजीत दोन्हीकडे आवाजही अ‍ॅलन यंग यांचाच आहे. त्यामुळे मालिकेतला एखादा प्रसंग नाताळपटात घुसलेला असतो किंवा उलट झालेले असते. आठवणीतला आवाज हिंदी असेल तर तो इंग्रजी प्रतीत शोधत बसू नये.

पट ओळखल्यावर कागदावरचे सर्व काही त्याच्याशी जुळेलच असे नाही, आणि प्रत्येक वेळी दोष आपल्या आठवणीचा नसतो, कारण हे पट पुढच्या वर्षांत कापले आणि जोडले गेले आहेत. ‘रुडॉल्फ’मध्ये टाकून दिलेल्या खेळण्यांना घ्यायला सांताक्लॉज परत जातो, तो भाग पहिल्या प्रक्षेपणात नव्हता, प्रेक्षकांनी तक्रारी केल्या म्हणून तो १९६५ मध्ये घातला गेला. ‘चार्ली ब्राउन’मध्ये प्रायोजक असलेल्या शीतपेयाचा उल्लेख होता, तो नंतर काढला गेला.

प्रत निवडताना काय पाहावे

शक्यतो अधिकृत डिस्क किंवा पैसे देऊन पाहता येणारी सेवाच निवडावी. व्हिडिओ संकेतस्थळांवर कोणीतरी चढवलेल्या प्रती बहुधा कडेने कापलेल्या, वेग बदललेल्या किंवा गाणे काढून टाकलेल्या असतात, आणि अशा प्रतीशी आपली आठवण ताडून पाहणे व्यर्थ आहे. भारतात कोणता पट कोणत्या सेवेवर आहे हे दरवर्षी बदलते, म्हणून हा शोध नोव्हेंबरमध्येच उरकावा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात डिस्क मागवली तर ती जानेवारीत येते.

‘द स्नोमॅन’च्या बाबतीत सुरुवात कशी होते हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. मूळ प्रतीत स्वतः रेमंड ब्रिग्ज शेतातून चालत येतात आणि त्या हिवाळ्याविषयी बोलतात. दुसऱ्या प्रतीत गायक डेव्हिड बोवी माळ्यावर जातात आणि तेथे त्यांना जुना मफलर सापडतो. विसाव्या वर्षानिमित्त २००२ मध्ये केलेल्या तिसऱ्या प्रतीत चित्रातला फादर ख्रिसमस बोलतो, आणि ती प्रत आजच्या रुंद पडद्यासाठी वरखाली कापलेली आहे. माझ्या कागदावर ‘सुरुवातीला एक माणूस गवतातून चालतो, बहुतेक’ असे लिहिलेले होते, त्यामुळे मला कोणती प्रत हवी हे ठरवायला क्षणही लागला नाही. ज्यांना सुरुवात आठवत नाही त्यांनी मूळ प्रत घ्यावी. निदान चित्राची चौकट तरी चित्रकारांनी आखली तशी, रुंदी-उंचीच्या ४:३ या प्रमाणात मिळते.

जुनी कॅसेट घरात असेल तर

मुंबईच्या हवेत कॅसेटचा खरा शत्रू पावसाळा असतो. तीस-पस्तीस पावसाळे पोटमाळ्यावर काढलेली कॅसेट हाती आली की आनंदाच्या भरात ती लगेच व्हीसीआरमध्ये सरकवू नये. प्रथम खिडकीच्या उजेडात धरून पारदर्शक झरोक्यातून टेपच्या गुंडाळीची कड पाहावी. कड गुळगुळीत, काळसर आणि एकसारखी दिसली तर ठीक. पिठाच्या भुकटीसारखे किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे काही दिसले तर ती बुरशी आहे. बाजूचे लहान बटण दाबले की पुढचे झाकण उचलले जाते आणि टेपचा पृष्ठभागही पाहता येतो, मात्र त्याला बोट लावू नये. बुरशी लागलेली टेप चालवली तर ती यंत्राच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते, तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते, आणि चिकटलेले पदर सुटताना टेप फाटते. अशी कॅसेट हे काम नेहमी करणाऱ्याकडेच द्यावी.

कड स्वच्छ असेल तरी प्रथम पुनर्मुद्रणाला वाव देणारी मागच्या कडेवरची चिमुकली पट्टी तुटलेली आहे ना, याची खात्री करावी. नसल्यास ती तोडावी, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही ध्वनिचित्रमुद्रित होणार नाही. नंतर टेप एकदा संपूर्ण पुढे आणि एकदा संपूर्ण मागे फिरवावी, जेणेकरून वर्षानुवर्षे एकाच जागी आवळलेले पदर मोकळे होतील, आणि मगच चालवावी. चालवण्याची पहिली फेरी तिचे डिजिटल रूप करून घेण्यासाठीच वापरावी, कारण दुसरी फेरी मिळेलच याची हमी नसते. व्हीसीआर तयार करणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे चालू यंत्रे आता जुन्या बाजारातलीच आहेत.

हे मी ठासून सांगतो त्याला कारण आहे. आंटींनी दिलेली मूळ कॅसेट मी एका दुकानात रूपांतरासाठी दिली होती. तेथील माणसाने यंत्राचे हेड पुसलेही नाही, टेप पुढे-मागे फिरवली नाही, आणि सरळ मधूनच चालवून पाहिली. यंत्राने टेप ओढून घेतली. त्याने कात्रीने झाकण उचकटून ती बाहेर काढली तेव्हा हातभर लांबीचा तुकडा पंख्याच्या घडीसारखा चुरगळला होता. उरलेला भाग पुढे लॅमिंग्टन रोडवरच्या एका वयस्कर कारागिराने दोन दिवस खपून वाचवला. त्यांनी मला तेव्हा जे सांगितले ते असे की, रूपांतर करायला देताना चित्र ४:३ मध्येच ठेवायला सांगावे, रुंद पडद्यासाठी ताणू देऊ नये. आपल्या समोर पहिली आणि शेवटची मिनिटे चालवून पाहावीत. आणि दाबून लहान केलेल्या फाइलबरोबर मूळ मोठी फाइलही मागून घ्यावी. कॅसेट परत आल्यावर ती आडवी न ठेवता पुस्तकासारखी उभी ठेवावी आणि डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात.

टीव्ही आणि वेळ

आजच्या टीव्हीवर हाताने काढलेले अ‍ॅनिमेशन पाहताना एक गोष्ट बंद करणे अत्यावश्यक आहे, ती म्हणजे मोशन स्मूदिंग. निरनिराळ्या कंपन्या तिला निरनिराळी नावे देतात, पण चित्राच्या सेटिंगमध्ये ती सापडतेच. ही सोय दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची तिसरी चित्रे तयार करून भरते. हाताने काढलेल्या पटात बहुधा एकच चित्र सलग दोन चौकटींसाठी वापरलेले असते, म्हणजे सेकंदाला साधारण बारा चित्रे, आणि त्यांमधला तो सूक्ष्म हिसका हा चित्रकाराच्या हाताचा वेग असतो. यंत्राने तो बुजवला की पात्रे पाण्यात चालल्यासारखी सरकू लागतात. त्याचबरोबर भडक रंगांचा मोड काढून साधा किंवा सिनेमाचा मोड ठेवावा, आणि चित्र पडदाभर ताणण्याची सूचना रद्द करावी. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर ते योग्य आहे.

वेळेविषयी माझे मत ठाम आहे. पट २४ किंवा २५ डिसेंबरला पाहू नये. त्या दोन दिवशी वाडीत चांदण्यांचे कंदील लागलेले असतात, मध्यरात्रीच्या मिस्साला जाणाऱ्यांची लगबग असते, घराघरांतून गाणी ऐकू येतात, आणि तो आनंद त्या जागीच घ्यावा असा आहे. २६ तारखेला गल्ली थकून शांत झालेली असते. ‘द स्नोमॅन’ पहिल्यांदा दाखवला गेला तो दिवसही तोच. साडेसहाच्या पुढे पुरता अंधार झाला की खिडक्या लावाव्यात, आणि डिसेंबरातल्या गारव्याचा फायदा घेऊन पंखा बंद करावा. हा पट जवळजवळ संपूर्णपणे हॉवर्ड ब्लेक यांच्या संगीतावर चालतो. पंख्याच्या घरघरीत त्यातले हळू स्वर बुडून जातात.

पहिल्यांदा एकट्याने

पहिली खेप एकट्याने आणि न थांबवता पाहावी. कागद जवळ ठेवू नये. २६ मिनिटे ही काही मोठी मुदत नाही, आणि शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत बसावे. दुसऱ्या दिवशी मात्र कागद घेऊन, हवे तेथे थांबवत पाहावे. आणि ज्याला या खटाटोपाचा खरा लाभ म्हणता येईल तो या दुसऱ्या खेपेत आहे, कारण लहानपणी जे पाहण्याची आपली पात्रताच नव्हती ते आता दिसू लागते.

मला प्रथम रंग दिसले, आणि त्यांच्यापाठोपाठ रंगांची थरथर. पारदर्शक तावांवर खडूने आणि रंगीत पेन्सिलींनी प्रत्येक चित्र वेगळे छायांकित केलेले असल्यामुळे दोन चित्रांतल्या रेघोट्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत, आणि बर्फाच्या माणसाचे अंग तो स्थिर उभा असतानाही आतून किंचित हलत राहते. कृष्णधवल पडद्यावर ही थरथर आम्हाला खराब सिग्नलची मुंग्यामुंग्या वाटली होती, आणि कोणीतरी उठून टीव्हीच्या डोक्यावर थापही मारली होती.

मूळ चित्रकथेत नाताळ नाहीच. तेथे मुलगा आणि बर्फाचा माणूस समुद्रकाठच्या धक्क्यापर्यंत उडत जातात, उजाडताना पाहतात आणि परततात. उत्तर ध्रुव, बर्फाच्या माणसांची मेजवानी, फादर ख्रिसमस आणि त्याने दिलेला मफलर या सर्व गोष्टी पटासाठी वाढवलेल्या आहेत. आमच्या आंटींनी त्यात मराठी संवाद वाढवले होते. पट करणाऱ्यांनी पुस्तकाशी जे केले तेच आंटींनी पटाशी केले, हे लक्षात आल्यावर मला त्या संवादांना ‘चूक’ म्हणणे सोडून द्यावे लागले.

श्रेयनामावलीपर्यंत बसण्याचा आग्रह धरण्यामागे गाण्याचा गायक आहे. उडण्याच्या प्रसंगातले ‘वॉकिंग इन द एअर’ हे गाणे आलेद जोन्स या मुलाने गायले, असे जगभर समजले जाते, कारण त्याची ध्वनिमुद्रिका १९८५ मध्ये फार गाजली. पटात मात्र आवाज आहे पीटर ऑटी या मुलाचा, जो लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या गायनवृंदात गात असे. मूळ प्रतीच्या श्रेयनामावलीत त्याचे नावच नव्हते. ते विसाव्या वर्षाच्या प्रतीत आले. ‘ग्रिंच’च्या बाबतीतही नेमके असेच घडले होते, त्यातले प्रसिद्ध गाणे थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी गायले आणि नाव राहून गेल्यामुळे लोक ते निवेदक बोरिस कार्लॉफ यांचेच समजत राहिले. म्हणून आपल्या आवडत्या पटातले गाणे कोणी गायले हे एकदा शोधावे आणि त्या गायकाचे नाव आपल्या कागदावर लिहावे.

मुलांसोबत पाहताना

घरातल्या लहान मुलांना पट दाखवायचा असेल तर आधी आपले दोनदा पाहून झालेले असावे, म्हणजे आपले लक्ष पडद्यावर नसून मुलांवर राहते. ‘आम्ही लहानपणी पाहिले होते, फार छान आहे’ अशी प्रस्तावना करू नये. त्यामुळे मुलांवर आवडून घेण्याचे ओझे येते. मध्ये प्रश्न विचारले तर थोडक्यात उत्तर द्यावे.

शेवट मात्र झाकू नये. सकाळी मुलगा धावत अंगणात येतो तेव्हा तेथे टोपी, मफलर आणि कोळशाचे खडे घेऊन वितळलेला ढीग उरलेला असतो. तो खिशात हात घालतो, फादर ख्रिसमसने दिलेला मफलर हाताला लागतो, आणि तो गुडघ्यांवर बसतो. पट तेथे संपतो. माझी सहा वर्षांची भाची त्या क्षणी रडू लागली, आणि तिच्या आईने ‘उद्या परत बर्फ पडेल, तो परत येईल’ असे सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी तिला थांबवले. पटात तसे कोठेही म्हटलेले नाही. भाचीने थोड्या वेळाने विचारले, “मामा, मफलर खरा होता म्हणजे सगळं खरं होतं ना?” मी “हो” म्हणालो. विसर्जनाहून मोकळा पाट घेऊन परतलेल्या मुलांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यांना रडायला थोडी जागा आणि शेजारी एक माणूस लागतो.

खोलीतला आवाज कसा जपावा

आता उजवा रकाना उरतो. ज्या माणसाने आपल्याला हा पट प्रथम दाखवला, तो हयात असेल तर त्याच्याकडे जावे, आणि शक्यतो फोनवर न भागवता समक्ष जावे. आंटी आता वसईला मुलाकडे राहतात, वय ऐंशीच्या पुढे आहे, आणि डोळ्यांना कमी दिसते. मी लॅपटॉप आणि मिठाई घेऊन गेलो आणि त्यांना सांगितले की पट मी चालवतो, तुम्ही पूर्वीसारखी गोष्ट सांगा. त्यांना प्रथम काही आठवेना. बर्फ पडू लागला आणि त्या बोलू लागल्या.

हे मुद्रण करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. परवानगी आधी विचारावी आणि मुद्रण कोणाकोणाला ऐकवणार हे सांगावे. फोन त्या माणसाच्या जवळ, हातभर अंतरावर, उशीवर ठेवावा. टेबलावर ठेवला तर प्रत्येक चहाचा कप आपटल्याचा आवाज येतो. लॅपटॉपचा आवाज बारीक ठेवावा, म्हणजे बोलणे वर राहते आणि संगीत मागे अंधुक ऐकू येते. पट सुरू होताना, पहिले चित्र पडद्यावर आले त्याच क्षणी, एकदा टाळी वाजवावी. पुढे घरी पट आणि मुद्रण एकत्र चालवायचे असतील तेव्हा ती टाळी आणि ते पहिले चित्र जुळवले की बाकी सगळे आपोआप जुळते. फाइलला तारीख, ठिकाण आणि पटाचे नाव द्यावे, आणि एक प्रत त्यांच्या घरच्यांकडे ठेवावी. मध्येच कोणी दार वाजवले, कोणी पाणी आणून दिले, तरी मुद्रण थांबवू नये व नंतर ते भाग कापू नयेत.

आंटींच्या मुद्रणात संत्र्याच्या जागी पुन्हा बटाटाच आहे. समोर रंगीत पडदा होता, मुलगा केशरी नाक बसवत होता, आणि त्या म्हणाल्या, “हा बग, बटाटा लावला नाकाला.” मी काही बोललो नाही. त्यानंतर स्वयंपाकघर, मोटारसायकल, उड्डाण, मेजवानी, सगळे त्यांनी सांगितले. काही वाक्ये मी कागदावर लिहिलेली तशीच्या तशी होती. मुलगा सकाळी जागा होऊन जिना उतरू लागला तेव्हा त्या थांबल्या, आणि तेथून शेवटपर्यंत मुद्रणात फक्त संगीत आहे आणि एकदा त्यांनी बांगड्या मागे सारल्याचा आवाज आहे.